ठिणगीची वेळ

१९०८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही मोटार प्रथम बाजारात आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक मोटारी तयार झाल्या, आणि मोटार हे केवळ श्रीमंतांचे वाहन राहिले नाही. पण आरंभीच्या काळात ती सुरू करणे हा एक लहानसा विधीच होता. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन बाजूंना दोन बारीक दांड्या असत. उजवी इंजिनाला किती श्वास द्यावयाचा ते ठरवी. डावी ठिणगी केव्हा पाडावयाची ते ठरवी. चालकाने आधी डावी दांडी वर सारावी, मग खाली उतरून गाडीच्या तोंडाशी जावे आणि हँडल मारावे. हँडल धरताना अंगठा त्याच्याभोवती वळवू नये, तो बोटांच्याच बाजूस ठेवावा, असा जाणत्यांचा सल्ला असे. कारण डावी दांडी वर सारण्याचे विसरले, तर ठिणगी वेळेआधी पडे, वर चढणारा दट्ट्या अर्ध्या वाटेवरूनच खाली फेकला जाई, आणि हँडल उलट फिरून मनगटावर आदळे. अशा रीतीने हात मोडलेल्यांची संख्या त्या काळात थोडीथोडकी नव्हती.

एका सेकंदाच्या लहानशा भागाची चूक, आणि हाड मोडावे! मोटारीच्या इंजिनात वेळेला एवढे महत्त्व का असावे, आणि ती वेळ साधण्याचे काम माणसाच्या हातातून काढून घेऊन बोटाएवढ्या एका लोहचुंबकी तुकड्याकडे कसे गेले, ही कथा सांगण्याजोगी आहे. गॅरेजात ज्याला नुसते ‘सेन्सर’ म्हणतात आणि पुस्तकांत ‘संवेदक’ म्हणतात, त्या वस्तूचा हा पूर्वेतिहास होय.

प्रथम यंत्राकडे पाहू. पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडरच्या आत दट्ट्या वरखाली होतो, आणि त्याच्या वरखाली होण्याचे रूपांतर गोल फिरण्यात करणारा वाकडातिकडा पोलादी कणा म्हणजे क्रँकशाफ्ट. दट्ट्या एकदा खाली येताना हवा व इंधन आत ओढतो, वर जाताना ते दाबतो, ठिणगी पडून ते पेटले की खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर जाताना जळलेला धूर बाहेर सारतो. ह्या चार पावलांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. कामाचे पाऊल मात्र एकच. ठिणगी त्या पावलाच्या आरंभी पडली पाहिजे, हे सहज पटते. पण खरी मेख पुढेच आहे. इंधन पेटले म्हणजे ते क्षणात जळून जाते, ही समजूत चुकीची आहे. ज्वाला प्लगच्या टोकाशी जन्मते आणि सिलिंडरभर पसरावयास तिला काही काळ लागतो. हा काळ सेकंदाचा सुमारे पाचशेवा हिस्सा आहे असे धरू. इंजिन मिनिटाला ६०० फेरे करीत असेल, तर तेवढ्या काळात क्रँकशाफ्ट सात अंशांहून थोडेसेच अधिक फिरतो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेले, की तेवढ्याच काळात तो छत्तीस अंश फिरून जातो. म्हणून वेग वाढला, की ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या बरीच आधी पाडावी लागते. तरच दट्ट्या माथा ओलांडून खाली वळताना त्याला ज्वालेचा पुरता धक्का मिळतो. (वेगाबरोबर आतील वायूची घुसळणही वाढते आणि ज्वाला काहीशी लवकर पसरते, तेव्हा प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नाही, पण दिशा हीच.) ठिणगी फार उशिरा पडली, तर शक्ती वाया जाऊन इंजिन तापते. फार लवकर पडली, तर आतून हातोडी मारल्यासारखा खणखणाट ऐकू येतो, आणि तो चालू राहिला तर दट्ट्याला भोक पडते.

म्हणजे इंजिनाला दोन प्रश्नांची उत्तरे सतत हवी असतात. मी किती वेगाने फिरत आहे? आणि ह्या क्षणी मी फेऱ्याच्या कोणत्या अंशावर आहे?

यांपैकी पहिला प्रश्न मोटारीहून जुना आहे. जेम्स वॅट यांनी १७८८ साली आपल्या वाफेच्या यंत्राला जो गतिनियंत्रक जोडला, त्यात दोन जड गोळे एका उभ्या दांड्याभोवती फिरत. वेग वाढला की ते बाहेर फाकत आणि वाफेची वाट आखडत. ही युक्ती वॅट यांनी पवनचक्क्यांच्या जात्यांवरून उचलली होती, आणि तिचे स्वतंत्र पेटंटही त्यांनी घेतले नाही. दुसरा प्रश्न मात्र आरंभी कोणाला फारसा छळीत नव्हता, कारण इंजिने संथ होती. निकोलाउस ऑटो यांचे १८७६ सालचे चार पावलांचे इंजिन मिनिटाला १८० फेरे घेई. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ते ६०० पर्यंत नेले. त्यांच्या इंजिनात ठिणगीच नव्हती. सिलिंडरात उघडणारी एक लहान नळी बाहेरून दिव्याने लालबुंद तापवून ठेवलेली असे, आणि दाबलेले मिश्रण तिच्यात शिरले की पेटे. केव्हा पेटावयाचे, हे जणू त्या मिश्रणाच्याच मर्जीवर सोपवलेले होते. यंत्र हळू चालले तोवर हे खपले.

वेग वाढू लागला, तशी विजेची ठिणगी अपरिहार्य झाली. रॉबर्ट बॉश यांच्या जर्मनीतील कारखान्याने १८८७ मध्ये स्थिर इंजिनांसाठी मॅग्नेटो बांधला, १८९७ मध्ये तो एका तीनचाकी मोटारीवर बसवला, आणि १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला. ठिणगी आली; पण ती पाडण्याचा क्षण ओळखणारा कोणीतरी हवा होता. फोर्डच्या मोटारीत कॅमशाफ्टच्या टोकाला एक बारीक रूळ फिरे. तो एका गोल घराच्या आत बसवलेल्या चार धातूच्या टिकल्यांना आळीपाळीने शिवे, आणि ज्या टिकलीला शिवेल त्या सिलिंडरची ठिणगी पडे. चालकाची डावी दांडी हे घरच थोडे मागेपुढे फिरवी. इंजिन कोठे आहे हे यंत्र सांगे. ते किती वेगात आहे हे मात्र चालकाच्या कानाने ठरवावयाचे.

चार्ल्स केटरिंग यांनी डेटन येथे बसून बॅटरीवर चालणारी ठिणगीची नवी व्यवस्था तयार केली. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचाच विजेचा स्टार्टर आला. हळूहळू हँडल गेले व मनगटे वाचली. पुढील दशकांत हा वारसा एका डब्यात एकवटला. त्याचे नाव डिस्ट्रिब्यूटर. त्यात कॅमच्या उंचवट्यांनी दोन धातूचे ठिपके एकमेकांपासून अलग होत. ते अलग झाले की कॉइलमधील प्रवाह तुटे आणि ठिणगी उडे. आपल्याकडील मिस्त्री त्यांना ‘सीबी पॉइंट’ म्हणत. त्या ठिपक्यांच्या खाली दोन लहान वजने स्प्रिंगने बांधलेली असत. वेग वाढला की ती बाहेर फाकत आणि ठिणगीची वेळ अलीकडे ओढत. वॅट यांचे ते दोन गोळेच बारीक होऊन मोटारीत येऊन बसले होते! शेजारी एक पातळ पडदा इंजिनाच्या ओढीचा अंदाज घेई, कारण भार हलका असता सिलिंडरात मिश्रण विरळ असते, ते सावकाश जळते, आणि त्यासाठी ठिणगी आणखी आधी लागते. चालकाची डावी दांडी ह्या वजनांनी आणि पडद्याने निकामी केली.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट व पद्मिनी मोटारी आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर ह्यांनी आपल्या रस्त्यांवर अनेक दशके हाच डबा वाहिला. त्याभोवती एक कसबही वाढले. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा सैल करी, इंजिन चालू ठेवून तो डबा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवी, आणि मान कलती करून ऐकत राही. आवाज भरून आला, फेरे वाढले, की किंचित मागे घेऊन पट्टा आवळी. मग गाडी चढावर नेऊन दाबावयाची; जरासा खणखणाट होऊन थांबला तर वेळ बरोबर लागली. जवळ साधन नसेल तर एक लहानसा दिवा पॉइंटांना जोडून, इंजिन हाताने फिरवून, दिवा कोठे बदलतो यावरूनही टायमिंग लावता येई. बेळगावपासून इंदूरपर्यंत कोणत्याही मोटारतळाशेजारी असा एखादा कानाचा पक्का माणूस सापडे, आणि त्याच्यापाशी गाड्यांची रांग असे. त्याने कोणत्या अंशावर टायमिंग लावले हे त्याला सांगता येत नसे. पण ते बरोबर असे.

बरोबर असे, पण बरोबर राहत नसे. दोष मिस्त्रीचा नव्हता. चार सिलिंडरांचे इंजिन ३,००० फेऱ्यांवर असता ते ठिपके सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे तासाला तीन लाख साठ हजार वेळा उघडमीट करतात. प्रत्येक वेळी त्यांच्यात बारीक ठिणगी होऊन धातू जळतो. कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजते, फट कमी होते आणि ठिणगीची वेळ दिवसेंदिवस मागे पडत जाते. ही झीज इतकी हळू असे, की रोज गाडी चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नसे. पेट्रोल थोडे अधिक जाई, एवढेच. ही गोष्ट अर्धशतकाहून अधिक काळ सर्वांना माहीत होती आणि सर्वांनी ती सोसली.

ती सोसेनाशी झाली ती इंजिनाच्या कारणाने नव्हे, तर हवेच्या कारणाने. मोटारीच्या इतिहासातील हा भाग पुष्कळदा वगळला जातो, आणि जणू अभियंत्यांच्या हुशारीनेच सेन्सर अवतरला असे सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर असा दाट, डोळे झोंबवणारा धूर उतरला, की युद्धकाळातील नागरिकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. एका रासायनिक कारखान्यावर ठपका आला, तो काही काळ बंद ठेवला गेला, तरी धूर हटला नाही. जवळच पॅसाडेना येथे आरी हागेन-स्मिट हे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांनी येतो याचा शोध घेत होते. फळाचा वास पकडण्याची तीच कला त्यांनी शहराच्या हवेला लावली, आणि १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले म्हणजे हे झोंबणारे धुके तयार होते. वाहनउद्योगाने हे मान्य करावयास वेळ घेतला. १९७० साली अमेरिकेच्या संसदेने स्वच्छ हवेचा कायदा कडक केला. त्याने मोटारींच्या धुरातील घातक द्रव्ये काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी उतरवण्याचे बंधन घातले. आणि त्याहून अडचणीची अट म्हणजे, ही शुद्धता गाडी नवी असतानाच नव्हे, तर पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैल टिकली पाहिजे असे सांगितले.

पन्नास हजार मैल! झिजणाऱ्या ठिपक्यांना ही शपथ घेणे शक्यच नव्हते. चुकलेली एक ठिणगी म्हणजे सिलिंडरभर न जळलेले इंधन सरळ हवेत. जी झीज मालकाने पेट्रोलच्या खर्चात घालून सोसली होती, ती आता कायद्याने कारखानदाराच्या दारी आणून टाकली. घासण्याचे काम बंद करणे हाच एक मार्ग उरला.

क्रायस्लर कंपनीने १९७२ मध्ये काही मोटारींत आणि १९७३ मध्ये आपल्या सर्व अमेरिकी मोटारींत ठिपके काढून टाकले. त्यांच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर लोखंडी दात्यांचे एक लहान चाक आले, आणि शेजारी चुंबक व तारेचे वेटोळे. यातील तत्त्व मात्र नवे नव्हते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडन येथे तारेच्या वेटोळ्यात चुंबकाची कांडी खुपसली आणि काढली, तेव्हा दोन्ही वेळा सुई हलली होती, आणि कांडी आत स्थिर राहिली की सुई शून्यावर येत होती. चुंबकाच्या असण्याने वीज होत नाही, त्याच्या बदलण्याने होते. सेन्सरमध्ये चुंबक हलत नाही. त्याच्या टोकापासून सुमारे एक मिलिमीटर अंतरावरून लोखंडी दाता सरकतो. दाता समोर आला की चुंबकाच्या रेषांना लोखंडातून सोपी वाट मिळते आणि त्या वेटोळ्यातून दाटीने वाहतात. दाता गेला की विरळ होतात. त्या प्रत्येक दाटीविरळीबरोबर वेटोळ्यात विजेची एक लाट चढते आणि उतरते. कोठेही काही घासत नाही, बाहेरून वीज द्यावी लागत नाही, चिखल व तेल यांचीही त्याला फारशी पर्वा नाही.

एक उणीव आहे, आणि ती फॅरडेंच्या प्रयोगातच दडलेली आहे. बदल जितका जलद, तितकी वीज अधिक. बदल मंद, तर वीज क्षीण. वेगात असलेल्या इंजिनावर हा सेन्सर दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक सहज देतो. पण थंडीच्या सकाळी, अर्धमेल्या बॅटरीवर स्टार्टर कुंथत असता, त्याचा आवाज अगदी बारीक होतो. आणि इंजिन थांबलेले असेल, तर तो मुकाच.

ह्या मुकेपणावरचा उपाय आधीपासूनच जगात पडून होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी मॅक्सवेल यांचा विद्युच्चुंबकशास्त्रावरील ग्रंथ वाचीत असता एका विधानावर अडखळला. चुंबक तारेला ढकलतो, तारेतील प्रवाहाला नव्हे, असा त्या विधानाचा आशय होता. हॉलला ते पटेना. त्याचे अध्यापक हेन्री रोलंड यांनी स्वतः असा प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला होता. तरीही त्यांनी विद्यार्थ्याला परावृत्त केले नाही, उलट जाड पट्टीऐवजी सोन्याचा पातळ वर्ख वापरून पाहण्याचे सुचविले. १८७९ च्या ऑक्टोबरात हॉलने काचेवर चिकटवलेल्या त्या वर्खातून प्रवाह सोडला, तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरला, आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये एक सूक्ष्म विद्युत्दाब मोजला. चुंबक प्रवाहालाच एका कडेला रेटत होता. मॅक्सवेल यांचे निधन त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला झाले. विद्यार्थ्याने थोरामोठ्यांच्या ग्रंथावर शंका घ्यावी आणि अध्यापकाने ती ऐकून घ्यावी, हा योग दुर्मीळ खराच.

सोन्यात हा दाब इतका क्षुल्लक होता, की पाऊणशे वर्षे त्याचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही. अर्धसंवाहक द्रव्ये हाती आल्यावर तो मोजण्याजोगा झाला, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनच्या एकाच कपच्यावर हॉलची पट्टी आणि तिचा आवाज वाढवणारे मंडळ दोन्ही बसू लागले. प्रथम त्यांचा उपयोग टंकलेखनाच्या कळफलकांत झाला, आणि पुढे ते मोटारीत आले. हॉल सेन्सरला बाहेरून वीज पुरवावी लागते, म्हणून त्याला बहुधा तीन तारा असतात. पण तो चुंबकाचे असणेच ओळखतो, बदलणे नव्हे. दाता समोर उभा आहे की नाही, हे तो थांबलेल्या इंजिनातही सांगू शकतो.

आता दाते मोजणारा हवा होता. १९७७ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनॅडो ह्या मोटारीत ठिणगीची वेळ ठरविण्याचे काम एका सूक्ष्म संगणकाकडे सोपविले. १९७९ मध्ये बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ पद्धतीने बी.एम.डब्ल्यू. ७३२आय ह्या मोटारीत ठिणगी आणि इंधन दोन्ही एकाच संगणकाच्या हाती दिले. त्या पहिल्या मोट्रॉनिकमध्ये दोन सेन्सर होते: एक जड चाकाच्या कडेचे दाते मोजी, आणि दुसरा फेऱ्यातून एकदाच येणारी खूण ओळखी. वेगाचा प्रश्न एकाकडे, जागेचा दुसऱ्याकडे. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले, की एकाच चाकाला दोन्ही उत्तरे देता येतील.

ही युक्ती इतकी साधी आहे की तिच्यापुढे थोडे थांबले पाहिजे. क्रँकशाफ्टवर साठ दात्यांची जागा असलेले चाक बसवावयाचे, आणि त्यातील दोन दाते मुद्दाम कापून टाकावयाचे. उरले अठ्ठावन्न. प्रत्येक दाता सहा अंशांचा. दाते समोरून जात राहतात तोवर संगणक दोन दात्यांमधील वेळ मोजून वेग काढतो. आणि मध्येच एक अंतर तिपटीने लांबले, म्हणजे खिंडार समोरून गेले, फेरा पुरा झाला. शाळेत पट मांडताना दोन मुले गैरहजर दिसावीत आणि त्यावरूनच वर्ग ओळखावा, तसा हा प्रकार. साठच दात्यांत आणखी एक गंमत आहे. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. पन्नास गुणिले साठ म्हणजे पुन्हा ३,०००. सेकंदाला जितके दाते, मिनिटाला तितकेच फेरे. सहा अंशांच्या आतला भाग संगणक घड्याळाने वाटून घेतो. ३,००० फेऱ्यांवर एक अंश फिरावयास सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. संगणकाच्या दृष्टीने हा भरपूर अवकाश आहे.

एवढे होऊनही एक संदिग्धता उरते. चार पावलांसाठी क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात हे वर आलेच आहे. दट्ट्या माथ्यावर आहे हे कळले, तरी तो मिश्रण दाबून वर आला आहे की धूर बाहेर सारून, हे क्रँकशाफ्टला ठाऊक नसते. हे सांगतो कॅमशाफ्ट, जो दोन फेऱ्यांत एकदा फिरतो. म्हणून त्याच्याजवळ दुसरा सेन्सर असतो. तो नसला, तर दोन्ही वेळा ठिणगी पाडणे हा एक उपाय असतो. १९४८ च्या सित्रोएन टू सी.व्ही. ह्या फ्रेंच मोटारीत डिस्ट्रिब्यूटरच नव्हता. तिच्या दोन्ही प्लगांवर दर फेऱ्याला ठिणगी पडे, आणि धुरात पडलेली ठिणगी निरुपद्रवीपणे वाया जाई.

मग मिस्त्रीचा तो कान? तोही सेन्सरने घेतला, आणि हा सर्व कथेतील सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल. धूर शुद्ध करण्यासाठी मोटारींच्या धुरनळीत उत्प्रेरकाचे डबे बसवले गेले. एखादा सिलिंडर पेट घेईनासा झाला, तर न जळलेले इंधन त्या डब्यात जाऊन जळते आणि डबा वितळतो. म्हणून १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना, अशी चूक होताच ती स्वतः ओळखण्याची सक्ती झाली. त्यासाठी नवा सेन्सर बसवावा लागला नाही. प्रत्येक सिलिंडर पेटतो तेव्हा क्रँकशाफ्टला किंचित झटका बसतो आणि पुढचे काही दाते किंचित लवकर जातात. पेटला नाही, तर ते रेंगाळतात. तीच दात्यांची मोजदाद बारकाईने पाहिली, की चौघांपैकी कोण कामचुकार आहे हे कळते. ‘गाडी मिसिंग मारते’ असे जे कानाने कळत असे, तेच आता दात्यांच्या काळफरकाने कळू लागले. कान जसा फसे, तसा हाही फसतो. खडबडीत रस्त्यावर चाकांचे हिसके उलट क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचतात आणि संगणकाला ते मिसिंग वाटते. म्हणून काही मोटारींत चाकांच्या सेन्सरकडून रस्ता वाईट आहे काय, हे आधी विचारून घेतात. आपल्याकडील पावसाळ्यात ही चौकशी त्या संगणकाला वारंवार करावी लागत असेल.

भारतात हा बदल उशिरा आला आणि मग झपाट्याने आला. २००० सालच्या सुमारास धुराची मानके लागू झाली, तसे नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जाऊ लागले. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक, पाचवी पायरी गाळून, एकदम देशभर लागू झाले, आणि साध्या मोटारसायकलींतही इंधन टोचणारी संगणकी व्यवस्था सर्रास आली. अशा गाडीत टायमिंग लावावयाचे नसते. लावण्यासाठी फिरवावयाचा डबाच नसतो.

यात मिळाले काय आणि गेले काय, याचा हिशेब सर्वांना सारखा लागत नाही. हवा तुलनेने स्वच्छ झाली, पेट्रोल वाचले, थंडीत गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते. पण ज्याच्या हाती नुसते कसब होते, उपकरण घेण्याइतके भांडवल नव्हते, अशा मोटारतळावरच्या माणसाचे गिऱ्हाईक गेले; आणि गाडीचा मालकही एका नव्या प्रकारे परावलंबी झाला. सीबी पॉइंट हळूहळू बिघडत आणि आधी कुरकुरत. क्रँकशाफ्टचा सेन्सर बहुधा कुरकुरत नाही. इंजिन तापले की त्याच्या आतील केसाएवढी तार कोठेतरी तुटते, दाते मोजणे थांबते, आणि दात्यांची वार्ता नाही म्हणजे इंजिन फिरतच नाही असे समजून संगणक ठिणगी व इंधन दोन्ही बंद करतो. भर रस्त्यात गाडी निमूट थांबते. अर्ध्या तासाने इंजिन निवले, की तुटलेली टोके पुन्हा टेकतात आणि गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. गॅरेजात नेईपर्यंत दोष दिसेनासा झालेला असतो. कॅमशाफ्टचा सेन्सर गेला, तर पुष्कळ गाड्या कशाबशा चालत राहतात. क्रँकशाफ्टचा गेला, तर बहुतेक गाड्यांना दुसरा आधार नसतो. जुन्या मिस्त्रींपैकी जे टिकले, ते ही लक्षणे शिकले म्हणून टिकले. गरम असता बंद, थंड झाल्यावर चालू, एवढे ऐकूनच ते खाली वाकून सेन्सरचे टोक पुसून पाहतात. कारण चुंबकाच्या टोकाला लोखंडाचा बारीक भुगा चिकटून बसतो, आणि दाते अंधुक दिसू लागतात.

अलीकडे रस्त्यांवर विजेच्या दुचाक्या दिसू लागल्या आहेत. त्यांत ना सिलिंडर, ना ठिणगी. तरीही प्रश्न सुटलेला नाही. जुन्या विद्युत्मोटरीत कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यावयाची हे कार्बनचे ब्रश घासून ठरवीत, जसे सीबी पॉइंट ठिणगी ठरवीत. आणि तेही तसेच झिजत. नव्या मोटरींतून ब्रश गेले. आता चाकातील चुंबक नेमका कोठे आहे हे कळल्याखेरीज वीज कोणत्या वेटोळ्यात सोडावी ते ठरत नाही, आणि हे गाडी सिग्नलपाशी उभी असतानाच कळावे लागते. म्हणून यांपैकी पुष्कळ दुचाक्यांच्या मोटरीत वेटोळ्यांच्या मधोमध तीन काळे, डाळीच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नसलेले हॉल सेन्सर चिकटवलेले असतात. पावसाचे पाणी आत शिरून त्यांपैकी एक गेला, की गाडी जागच्या जागी थरथरते आणि पुढे जात नाही.